येतेच, दोन मिनिटं

दहावीला आमच्या वर्गात चार पूजा होत्या. आमच्या जन्माच्या सुमारास नाशकात बारशाला जमलेल्या आत्याबाईंना दुसरं नाव सुचतच नव्हतं की काय, कोण जाणे. त्या चारांतली एक मी. हजेरी घेताना बाई आडनावावर भागवायच्या, पण मधल्या सुट्टीत कुणी "पूजा, खिचडी घे गं" म्हणालं की चार चमचे एकदम पुढे यायचे. शेवटी वर्गानं वैतागून आम्हाला पत्त्यावरून नावं दिली. मी पंचवटी. कपालेश्वराच्या मागच्या गल्लीतली ती गंगा, कारण नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणतो ते फक्त भूगोलाच्या पेपरात. एरवी तो 'गंगेवर' जाऊन येतो. रविवार कारंजावर राहणारी ती रविवार. आणि तिवंधा चौकातली ती तिवंधा.

नव्यानं आलेल्या इंग्रजीच्या बाईंना कुणीतरी सांगितलं, "बाई, रविवार आज आली नाही, ती मंगळवारी येईल." बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि फळ्याकडे वळल्या. वर्षभर त्यांनी त्या विषयाला हात लावला नाही.

मुलींच्या शाळेत एक अलिखित कायदा असतो. एकटीनं कुठे जायचं नाही. नळावर पाणी प्यायला दोघी, बाथरूमला तिघी, आणि शिक्षकांच्या खोलीत एक वही द्यायला चौघी. एकीनं वही धरायची, दुसरीनं दार वाजवायचं, तिसरीनं "आत येऊ का बाई?" म्हणायचं आणि चौथीनं बाहेर उभं राहून हसायचं. ओरडा नेहमी चौथीला बसायचा, म्हणून त्या जागेसाठी पाळ्या लावल्या होत्या. मग शाळेला तरी एकटीनं कसं जायचं? एकटी आलेल्या मुलीकडे सगळ्या अशा बघायच्या की तिच्या घरी काहीतरी वाईट घडलंय.

तर आम्ही एकमेकींना घ्यायला जायचो. ऐकायला गोड वाटतं. करून बघा.

शाळा सकाळची. मी पंचवटी कारंजावरून सायकल काढायची आणि गंगाच्या दाराशी घंटी वाजवायची. गंगा उठलेली असायची, एवढंच. ओसरीवर तिची आजी जपाची माळ ओढत बसलेली. रोज तोच प्रश्न, "कुणाची गं तू?" रोज मी नाव सांगायची, वडिलांचं सांगायची, वाडा सांगायची. दिवाळीपर्यंत आजीनं स्वतःपुरता निकाल लावला की मी सरदार चौकातल्या कुठल्याशा कमलची मुलगी. मीही वाद सोडून दिला. पुढे कमलला निरोप सुरू झाले. "आईला म्हणावं, लोणचं छान झालं होतं." ठीक. "आईला म्हणावं, भिशीचे दोन हप्ते राहिलेत." हे मात्र आजी जरा आवाज चढवून, माझ्याकडे रोखून बघत म्हणायची. मी मान खाली घालून उभी. न पाहिलेल्या कमलच्या कर्जापायी मी ते अख्खं वर्ष ओशाळवाण्या चेहऱ्यानं काढलं.

गंगा निघाली की दोघी अहिल्यादेवी होळकर पुलावर. डिसेंबरात त्या पुलावर जो वारा लागतो तो आठवला की अजून हात स्वेटरच्या बाहीत जातात. निफाडचा पारा किती उतरला हे पेपरात छापून येतं; पुलावर सायकलची दांडी धरलेल्या बोटांचा पारा कुणी छापत नाही. तिथून चांदीच्या गणपतीला सायकलवरूनच नमस्कार, म्हणजे एक हात सोडून, म्हणजे अर्ध्या वेळा रिक्षावाल्याच्या शिव्या. रविवार मात्र सोन्यासारखी मुलगी. ती खाली येऊन उभी असायची. वेळेवर येणारी मैत्रीण असून काडीचाही उपयोग नसतो हे तिच्यामुळे कळलं.

कारण रविवार कारंजापासून आमची शाळा सरळ पुढे, आणि तिवंधा बरोबर उलटीकडे.

जुन्या नाशकातले बोळ ज्यांनी सायकलवरून पार केलेत त्यांना वेगळं सांगायला नको. चढ असा की उतरून सायकल ढकलावी, आणि उतार असा की उतरूनच सायकल धरावी. म्हणजे सायकल नेमकी कशाला आणली हा प्रश्न उरतोच. वर ओढणी. व्हीसारखी पिन केलेली, इस्त्रीची, आणि तिचं सगळं लक्ष मागच्या चाकाकडे. घामाघूम होऊन आम्ही वाड्याखाली पोचायचो आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून आवाज यायचा.

"येतेच, दोन मिनिटं!"

तिवंधाचे केस गुडघ्यापर्यंत होते. शाळेचा नियम दोन वेण्यांचा, वर दुमडून लाल रिबिनीनं बांधलेल्या. एका वेणीला तिच्या आईला किती वेळ लागतो याचा अंदाज आम्हाला वरून येणाऱ्या आवाजांवरून यायचा. "आई गं, ओढू नकोस" म्हणजे पहिली वेणी. "मान सरळ ठेव मेले" म्हणजे दुसरी. मग जिन्यावर पावलं वाजायची आणि आम्ही पायडलवर पाय ठेवायचो. पावलं अर्ध्या जिन्यात थांबायची. संस्कृतची वही राहिली. परत वर. परत खाली. देवाला नमस्कार राहिला, परीक्षेचं वर्ष आहे. परत वर. शेवटी ती दारात यायची ती अशी प्रसन्न, टवटवीत, की रागवायचं कुणी? आणि मग आमच्याकडे बघून म्हणायची, "चला ना, उभ्या काय राहिलात?"

रविवारला भूमितीत गती होती. तिनं एकदा शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या उभ्या वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. पक्ष: चार मैत्रिणी आहेत, पैकी तीन वेळेवर उठतात. साध्य: चौघींना रोज उशीर होतो. सिद्धता: घोळक्याची गती ही सर्वांत लांब वेणीशी व्यस्त प्रमाणात असते. खाली तिनं चौकटीत 'हेच सिद्ध करायचे होते' असंही लिहिलं.

फाटकाबाहेर उभं राहायची वेळ यायची ती अशी, की प्रार्थना सुरू झाली की फाटक बंद. ती संपली की पर्यवेक्षिका बाई वही घेऊन यायच्या आणि उशिरा आलेल्यांची नावं लिहायच्या.

"नाव?"

"पूजा."

"तुझं?"

"पूजा."

"तुझं?"

"पूजा, बाई."

चौथीपाशी बाईंनी पेन बंद केलं. "आज काय, सत्यनारायण आहे का?"

शिक्षा मैदानावरचे कागद वेचण्याची. चिक्कीचे, बोरकुटाचे, लिमलेटच्या गोळ्यांचे. दहावीच्या, म्हणजे अख्ख्या शाळेच्या ताया आम्ही, आणि पाचवीच्या पोरी व्हरांड्यातून बोटं दाखवून बघायच्या.

तिवंधाला सोडून जायचं, असं ठरवलं नव्हतं असं नाही. एकदा ठरवलंच. चांदीच्या गणपतीसमोर सायकली लावून आम्ही तिघी त्यावर बोललो. गंगा म्हणाली, जाऊ या. रविवार म्हणाली, तिला सांगून जाऊ या. मी म्हणाले, सांगायला तिवंध्यालाच जावं लागेल. मग तिला किती वाईट वाटेल, मग आपल्याला तिला वाईट वाटल्याचं किती वाईट वाटेल, हे सगळं रीतसर बोलून आम्ही शाळेत पोचलो तेव्हा फाटक बंद झालेलं. आत, रांगेत पहिली, हात जोडून, दोन्ही वेण्या टापटीप, तिवंधा उभी. वडिलांनी स्कूटरवर सोडलं होतं. मधल्या सुट्टीत ती आमच्यावर रुसली, आम्ही तिला न घेता आलो म्हणून. कागद आम्ही वेचले आणि समजूतही आम्हीच काढली.

रुसवे बाकी सणसणीत व्हायचे. त्या वर्षी स्लॅमबुकची साथ होती. गुलाबी पानं, सुगंधी, आणि त्यात एक जीवघेणा रकाना: 'तुझी बेस्ट फ्रेंड'. चौघींच्या चौकडीत एकच जागा. गंगानं हुशारी करून तिथे 'पूजा' लिहिलं. तिघी खूश. पण रविवारनं खोदून विचारलं, "कुठली?" आणि गंगा क्षणभर थांबली. त्या क्षणभरावर सहामाहीपर्यंतचा अबोला चालला. त्या अबोल्यातही रविवार रोज सकाळी खाली येऊन उभीच असायची. शेजारी शेजारी सायकली चालवायच्या आणि माझ्या तोंडून बोलायचं. "तिला सांग, तिची चेन पडलीये." "तिला म्हणावं, दिसतंय मला." मी मध्ये. भिशीच्या निरोपांवर घडलेला माझा हात तिथे कामी आला.

शाळेला सुट्टी मिळाली तर यातून सुटका होईल असं वाटायचं. 2003चं ते वर्ष कुंभमेळ्याचं. पर्वण्यांना गावातले रस्ते बंद, जागोजागी बांबूचे अडथळे, मी आणि गंगा पुलाच्या या बाजूला, त्या दोघी त्या बाजूला. मोबाइल कुणाकडे नाही. लँडलाइनवर दोन रिंगा देऊन ठेवायच्या, म्हणजे 'मी आहे'. उलट दोन रिंगा, म्हणजे 'मीही आहे'. एवढंच सांगायचं असायचं. मात्र गंगाच्या आजीला फोन घ्यायची घाई, दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत त्या उचलायच्या आणि विचारायच्या, "कमल का?"

पावसाळ्यातही सगळी आशा गंगेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावभर एकच चौकशी, मारुतीच्या कितपत आलं? कमरेपर्यंत आलं तर शाळा सुटायची शक्यता. गळ्यापर्यंत म्हणजे नक्कीच, असा आमचा वेधशाळेपेक्षा पक्का हिशोब. गंगाचं घर घाटाजवळ, त्यामुळे ती आमची अधिकृत वार्ताहर. पण ती इतकी आशावादी की गुडघ्याएवढ्या पाण्याला छातीपर्यंत म्हणायची, आणि आम्ही भूगोलाचा गृहपाठ न करता भिजत शाळेत पोचायचो. शाळा सुरूच.

मग मार्च. साडेसातशे मार्कांची परीक्षा, मराठीची बुद्धी गणितात आणि गणिताची हिंदीत जायची वेळ. रंगपंचमीही नेमकी त्याच दिवसांत. बाहेरगावच्यांसाठी सांगते, नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमीचा थाट मोठा, आणि जुन्या गावात त्या दिवशी रहाड उघडतात. रहाड म्हणजे पेशव्यांच्या काळापासूनचे, एरवी रस्त्याखाली बुजवून ठेवलेले दगडी हौद. त्यात रंगाचं पाणी भरायचं आणि वरून धप्पा मारायचा. तिवंधा चौकातली रहाड तिवंधाच्या खिडकीखालीच. आम्ही तिच्याकडे अभ्यासाला बसलेलो, दारं-खिडक्या लावून, '21 अपेक्षित' समोर. रविवार प्रश्न विचारायची, "महाराष्ट्र पठाराची सरासरी उंची?" खालून धप्प! "मृदेचे प्रकार?" धप्प! आरोळी. खिडकीच्या फटीतून पिवळा थेंब उडून नेमका माझ्या वहीवर पडला. आम्ही त्याच्याकडे इतक्या आशेनं बघितलं की तिवंधाच्या आईनं उठून खिडकीची फटही टॉवेलनं बुजवली.

पेपर संपल्यावर मात्र एकटं घरी जायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं! आसनक्रमांक आडनावावरून, त्यामुळे आम्ही वेगवेगळ्या वर्गांत. पण फाटकाशी थांबायचं, चौघी आल्याशिवाय हलायचं नाही, आणि झालेल्या पेपराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं विद्येची शपथ घेऊन ठरलेलं. भूमितीच्या पेपराला शपथ फाटकापर्यंतही टिकली नाही. "शेवटच्याचं उत्तर काय?" "पाच सेंमी." "माझं बारा." "माझं तर अंशांत आलंय." चौघींची चार उत्तरं. तेवढ्यात एक अनोळखी मुलगी जाता जाता म्हणाली, "तो सिद्धतेचा प्रश्न होता ना?" त्यानंतर घरापर्यंत कुणी बोललं नाही. तिवंधाच्या हातात पुरवणीचा उरलेला दोरा होता, तो तिनं सबंध रस्ताभर बोटाला गुंडाळला आणि सोडला.

आता आमचा व्हॉट्सॲप गट आहे. त्याचं नाव 'सत्यनारायण'. भेटायची तारीख ठरवायला आम्हाला मुहूर्त काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पण परवा एकदाची ठरली. गंगापूर रोडच्या पुढे, चुलीवरची मिसळ, रविवारी सकाळी नऊ. रविवार नऊला पाच कमी असताना येऊन बसलेली. गंगा आली, मी आले, बरोबर माझी बारा वर्षांची लेक. तिवंधा हल्ली राहते इंदिरानगरला, पण नाव बदललेलं नाही. लग्न झाल्यावर आडनाव बदललं, तिवंधा राहिलं. तिचा मेसेज आला, "निघाले." रविवारनं तिला लाइव्ह लोकेशन टाकायला लावलं. नकाशावर निळा ठिपका इंदिरानगरात, जिथल्या तिथे.

"उभी आहे बहुतेक सिग्नलला," गंगा म्हणाली.

"तिच्या बेडरूममध्ये सिग्नल आहे का?" रविवार.

वाढपी तीनदा येऊन गेला. शेजारच्या टेबलावर काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, पापड, दही, जिलबी असं आलं, संपलं, आणि ती माणसं झोपाळ्यावर झोके घेऊन घरीही गेली. लेकीनं हळूच विचारलं, "आई, आपण मागवून घेऊ या का? मावशी आली की तिचं मागवू." तिघींनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प होऊन पाण्याच्या ग्लासाकडे बघायला लागली. मग मी तिला समजावलं की असं नसतं करायचं. का, ते मला सांगता आलं नाही.

साडेदहाला तिवंधा आली. केस आता खांद्यापर्यंत कापलेले, म्हणजे तीही सबब संपलेली. प्रसन्न, टवटवीत. पर्स ठेवली, आमच्या कोऱ्या टेबलाकडे पाहिलं.

"हे काय, तुम्ही अजून काही मागवलं नाहीत? कमाल करता बाई. मी तर घरून पोहे खाऊनच निघाले, म्हणून तर उशीर झाला."