मलिद्यात ज्यू काय आहे? ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या लहानपणावर मी मागे लिहिलं, त्यावर परवा रात्री पावणेबाराला ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. एरवी मी दोन ओळींत उत्तर देते, बरेचदा नुसतं ‘धन्यवाद’. हे उत्तर मात्र दोन ओळींत बसेना. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी ती इथे देते:

‘लेख गोड आहे, आणि वास्तविक गोडच आहे. इथे कधी परकं वाटलं नाही असा आव आणता, मग तुमचे सगळे इस्राएलला गेले का? नवगावच्या फुटलेल्या गलबताची दंतकथा इतिहास म्हणून सांगता. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा तुमच्यातला भेद, त्यावर अवाक्षर नाही. ठाण्याच्या सिनेगॉगचं सालही चुकलंय. आणि वास्तविक मलिदा, मंगळसूत्र, होळीचा सण यात ज्यू काय आहे? खरा ज्यू धर्म तुम्हाला बाहेरच्यांनी येऊन शिकवला. तुम्ही कोकणी म्हणून वाढलात आणि मागाहून ज्यू झालात.’

आधी चूक कबूल करते. ठाण्याचं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, ‘शआर हाशामायिम’ 1879 सालचं, मी 1897 लिहिलं होतं. आकडे उलटे पडले. दुरुस्त केलंय, आभारी आहे. त्या आवारात माझं निम्मं आयुष्य गेलं, तेव्हा साल मला ठाऊक नव्हतं असं समजू नका. पण चूक ती चूक.

आता तुमच्या भाषेबद्दल. ‘वास्तविक’ दोनदा आणि ‘आव’ एकदा. वास्तव काय ते तुम्हाला कळतं आणि मी आपली गोष्टी सांगतेय, असा एकूण सूर. मी अडुसष्ट वर्षांची आहे. त्यातली बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे ‘आव आणणे’चा अर्थ मला कोशात बघावा लागत नाही. आव आणतो तो सोंगाड्या. मी माझ्या आईच्या स्वयंपाकघराबद्दल लिहीत होते. तुम्ही त्याला सोंग म्हणालात. स्पष्ट बोलायला माझी ना नाही, आमच्या आळीतल्या बायकाही नळावर स्पष्टच बोलायच्या. पण त्या समोर उभं राहून बोलायच्या, आणि कोण बोलतंय ते दिसायचं.

‘मलिदा, मंगळसूत्र, होळीचा सण यात ज्यू काय आहे’ हे वाक्य मी तीन-चारदा वाचलं. सांगते काय आहे.

मलिद्याची आमची परात कलईची होती. तिच्यात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ. भोवती फळं: केळी, खजूर, चिकू, मोसमात जे मिळेल ते. आणि सब्जाची एक डहाळी. नवं घर घेतलं, कुणी परीक्षा पास झालं, कुणी परदेशी निघालं की एलियाहू हन्नाबींच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने हा मलिदा व्हायचा. पप्पा आधी सब्जा हुंगायला द्यायचे, त्याची बेराखा, म्हणजे खाण्या-हुंगण्याआधी म्हणायची आशीर्वादाची प्रार्थना, वेगळी. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. मी सहा वर्षांची असताना केळं उचललं आणि खजुरावर म्हणतात ती, झाडाची बेराखा म्हणून मोकळी झाले. पप्पांनी माझा हात वरच्यावर धरला. केळं तोंडापासून चार बोटांवर. म्हणाले, ‘केळ एकदा घड देते आणि मरते, ते झाड नव्हे. जमिनीची म्हण.’ मी जमिनीची म्हटली, तेव्हा कुठे हात सुटला. केळ्याला कुठली बेराखा, ही चर्चा ज्यू धर्मशास्त्रात आहे. ती अलिबागला एका रेल्वेतल्या कारकुनाला पाठ होती, आणि त्याच्या ताटात पोहे होते. यात ज्यू काय आहे ते आता तुम्ही मला सांगा.

मंगळसूत्र आईच्या गळ्यात होतं, हो. आणि दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचनं लिहिलेल्या गुंडाळीची डबी, होती. बाहेर पडताना आई एका हाताने ती शिवायची, बोटं ओठांना लावायची, आणि दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी. यातलं एक खरं आणि एक खोटं, असं तिला कधी वाटलं नाही. ते वाटायला तुमच्याइतकं वाचन लागतं.

सणांची नावं माझ्या आजीची. रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा, दारं लावून दिवसभर घरात उपास करायचा म्हणून. पेसाह म्हणजे अनाशी ढाकायचा सण, कारण आंबट कालवणाचं भांडं त्या दिवसांत झाकून ठेवायचं. तिशा बेआवला बिरड्याचा सण, त्या दिवशी वालाचं बिरडं. पुरीम फाल्गुनाच्या सुमाराला येतो म्हणून त्याला होळीचा सण म्हणायचे. नाव शेजाऱ्यांकडून घेतलं, लाकडं नाही पेटवली! एलुल या हिब्रू महिन्यातल्या उपासांना तर जुनी माणसं ‘रमजान’ म्हणायची, त्यावर तुम्ही आम्हाला मुसलमान का नाही म्हणालात? हिब्रू नावं विसरलेल्या माणसांनी दिवस मात्र विसरू दिले नाहीत, आणि आठवायला जे शब्द हाताशी होते ते वापरले. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. उलट गंमत वाटते.

आता ‘बाहेरच्यांनी शिकवला’. कोण बाहेरचे, ते तुम्ही लिहिलं नाही, मीच लिहिते. परंपरा सांगते की दाविद राहाबी नावाचा माणूस कोकणात आला. तो नक्की कधी आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हे लोक कोण, याची परीक्षा घ्यायला त्याने बायकांना सगळ्या तऱ्हेची मासळी रांधायला दिली. त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी घेतली, बाकीची बाजूला काढली. बाजूला काढली, मग त्याने शिकवायला सुरुवात केली. म्हणजे शिकवण्याच्या आधी काहीतरी होतं ना? पुढे कोचीचे शिक्षक आले, स्कॉटिश मिशनरी आले. मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवली ती आम्हाला ख्रिस्ती करायला. आमच्या लोकांनी हिब्रू ठेवून घेतली आणि बाकीचं साभार परत केलं.

आणि त्याही आधीचं बघायचं असेल तर आमचं जुनं नाव बघा. शनवार तेली. तेल गाळणारे कोकणात दुसरेही होते, पण आमचा घाणा शनिवारी बंद. गावात ज्यू हा शब्द कुणाला माहीत नव्हता, आम्हालासुद्धा नसेल, पण आठवड्यातून एक दिवस या लोकांचा बैल सुटा असतो हे सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या मते ‘मागाहून’ ज्यू झालेल्या माणसांच्या बैलाला शनिवार कुणी शिकवला?

तुमच्या वाक्याने मी एवढी का तापले, याचं खरं कारण वेगळं आहे. हा प्रश्न आमच्या घरात तुमच्या आधी येऊन गेलाय.

माझी धाकटी मावशी 1960 च्या आसपास इस्राएलला गेली, दिमोनाला. तिथे तिचं एका मोरोक्कन ज्यू मुलाशी ठरलं. 1962 साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, सूचना काढल्या: बेने इस्राएल वर किंवा वधू असेल तर आईकडच्या पिढ्या जितक्या मागे जाता येतील तितक्या तपासा. मावशीचं एरोग्रामवर पत्र आलं, मराठीत, आधी सगळ्यांची खुशाली आणि मग शेवटच्या घडीवर बारीक अक्षरात: ‘आईला तिच्या आजीचं आणि पणजीचं नाव विचारून लगेच कळवा. लग्न कुठे लागलं त्याचा कागद असल्यास पाठवा.’ पणजीच्या लग्नाचा कागद! मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग 1796 सालचं. अलिबागचं ‘मागेन आबोथ’ 1848 चं. त्याच्या आधीची लग्नं मांडवात लागली, कागदावर कोण लावणार?

आजी ओट्याला टेकून बसली आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजत नावं सांगायला लागली. आजोबा लिहून घेत होते. आई लेआबाई. तिची आई सिप्पोराबाई. तिची आई येसूबाई. आजोबांचा टाक थांबला. म्हणाले, ‘येसूबाई चालायचं नाही तिकडे.’ आजी म्हणाली, ‘नाव होतं ते होतं.’ थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आजोबांनी ‘एस्तेर’ लिहिलं आणि कागदाची घडी घातली. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. मावशी हयात नाही, तिला आता कुणी अडवणार नाही.

तिचं लग्न त्यानंतरही रखडलं. 1964 च्या उन्हाळ्यात बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, तेव्हा कुठे त्या ऑगस्टअखेर सूचनेतून आमचं नाव निघालं. मावशीचं लग्न लागलं, तीन मुलं झाली, पण ती येसूबाईचं नाव घेऊन रडायची, असं मी 1981 साली तिच्याकडे अश्दोदला गेले तेव्हा पाहिलं. हो, मीही गेले होते. दोन वर्षं राहिले, आई आजारी पडली म्हणून परतले आणि मग राहूनच गेले. तेव्हा दोन्हीकडचं परकेपण आणि आपलेपण मी पुस्तकातून उचललेलं नाही. तुम्ही कुठून उचललंत ते लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

राहिलेले मुद्दे.

‘सगळे गेले का?’ सगळे गेले नाहीत, मी अजून ठाण्यात आहे आणि दूधवाल्याचा हिशोब माझ्याचकडे असतो. जे गेले ते कुणी हाकललं म्हणून गेले नाहीत. कुणी नोकरीसाठी, कुणी धर्मासाठी, कुणी भाऊ गेला म्हणून, आणि पुष्कळ जण मुलींच्या लग्नासाठी. स्थळंच उरली नव्हती. ज्यांना ते मानवलं नाही त्यांतले काही 1952 मध्येच इस्राएलमधल्या बेरशेबातून परत आले, तेही धरणं धरून. तिकडे राहिलेल्यांनी ‘मायबोली’ नावाचा मराठी अंक काढला आणि एक मे साजरा करतात. घर बदललं म्हणजे आधीचं घर खोटं होतं, हा तर्क तुमच्याकडे मुलीला सासरी पाठवताना लावता का?

नवगावबद्दल. पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष, सात बायका वाचल्या आणि बाकीच्यांना तिथे पुरलं, ही आख्यायिकाच आहे आणि मी लेखात ‘सांगतात’ असंच लिहिलं होतं. क्रियापद वाचायचं राहिलं असेल. आमच्यात नवगावकर आहेत, पेणकर, रोहेकर, झिराडकर आहेत, गावागावाची आडनावं आहेत. गलबत फुटलं की नाही ते मी बघायला नव्हते, पण उतरल्यावर आम्ही कुठे कुठे राहिलो ते आडनावात लिहिलेलं आहे.

गोरे-काळे. हा विषय तुम्ही मुद्दाम काढलात, कारण तो काढला की समोरचा गप्प होतो. मिश्र लग्नांतून आलेल्यांना काळे म्हणायचे. भेद होता. कुणाच्यात नव्हता? आणि माझा लेख लहानपणाबद्दल होता, समाजशास्त्राचा पेपर नव्हता. आमच्या घरापुरतं सांगते, आमच्यात तसलं काही नव्हतं. आळीच्या टोकाला एक काळे इस्राएल म्हणवलं जाणारं कुटुंब होतं, आजी त्यांना प्रत्येक मलिद्याला आठवणीने बोलवायची. ते पडवीत बसायचे, पण ते आत जागा नसायची म्हणून. त्यांना पानही आधी जायचं. यावर कधीतरी वेगळं लिहीन.

‘गोड आहे’ या शेऱ्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही. आमच्याकडे नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, नारळाच्या दुधात. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, मग चीक खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी हळूच काढायचं. आणि मग तास-दीड तास हात न थांबवता ढवळायचं. तोही गोडच असतो.

प्रतिक्रियेतला ‘आव’ मी खोडलेला नाही, आहे तसाच दिसतोय. पुढच्या वेळी नाव लिहा आणि शक्यतो पावणेबाराच्या आत लिहा. मी लवकर झोपते आणि असलं काही वाचलं की मग झोप येत नाही.