जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून पाहा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर अशा आशयाचा मजकूर फिरतोय: ‘विंडोज ११ चालत नाही तो लॅपटॉप भंगार. लिनक्स करून पाहाल तर डेटा उडेल, तेही रखडतच चालेल, कमांड पाठ कराव्या लागतील, आणि मराठी येत नाही.’ यावर विसंबून चांगली यंत्रं फेकली जाताहेत, म्हणून हे उत्तर. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम.

‘डेटा उडेल.’ नुसतं करून पाहताना उडत नाही. लिनक्सचा एक प्रकार म्हणजे मिंट. लिनक्स मिंट २२ची एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती उतरवून रूफस या छोट्या मोफत प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्ह मात्र पूर्ण पुसला जातो. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करा, नाहीतर फास्ट स्टार्टअप या लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे ते अर्धवट झोपतं आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. सुरू करताना बूट मेन्यू, म्हणजे यंत्र कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी, उघडा: डेल, लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. मग डेस्कटॉप पेनड्राइव्हवरूनच चालतो, हार्ड डिस्कला हात लागत नाही. डेटा जातो तो पुढे इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ निवडल्यावर. तेव्हा आधी बॅकअप घ्याच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा; सिक्युअर बूट ही सुरू होतानाची सुरक्षा-सेटिंग बदलली की ती मागितली जाते.

‘रखडत चालेल.’ पेनड्राइव्हवरचा वेग पाहून निकाल देऊ नका, तिथे प्रत्येक फाइल यूएसबीवरून वाचली जाते. खरा अडसर बहुतेकदा फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली की फरक लगेच कळतो. रॅम ४ जीबी असेल तर मिंट ठीक चालतं, २ जीबीला बोधी लिनक्स हा दुसरा प्रकार घ्या. त्याचा मोक्ष डेस्कटॉप हलका आहे आणि देखणाही. पण २ जीबीत ब्राउझरचे दहा टॅब कुठलंच लिनक्स पेलणार नाही. रॅम वाढवताना १.५ व्होल्टची डीडीआर३ की १.३५ची डीडीआर३एल, हे जुन्या पट्टीवर वाचून घ्या. १.३५ची लागणाऱ्या लॅपटॉपमध्ये १.५ची घातली तर तो सुरू न होण्याची शक्यता असते.

कमांडचं म्हणाल, तर रोजच्या कामाला लागत नाहीत. वायफाय दिसलं नाही, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट मिळेल, आणि हवे ते ड्रायव्हर बसवणारा ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

‘मराठी येत नाही.’ हे साफ खोटं. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग लेआउट. ‘सिस्टिम डिफॉल्ट’ची खूण काढा आणि भारतीय यादीतून मराठी जोडा. इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कळमांडणीही आहे, उच्चारानुसारी कगपही. इनस्क्रिप्टमध्ये के, डी, जे दाबलं की ‘क्र’ उमटतो, विंडोजवर उमटतो तसाच.

अडचण आहे ती जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधल्या फाइलींची आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसारख्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरची. ज्यांचं रोजचं काम त्यावर आहे, त्यांनी विंडोज काढू नये.