आधी ऊन अडवा, मग पॅनेल मोजा

‘सर्वात आधी छतावर सोलर पॅनेल बसवा, बाकीचं नंतर बघता येतं’ हे घरच्या वीजबचतीवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आम्ही नेमकं तेच केलं होतं. पश्चिमेच्या खिडक्यांतून दुपारभर ऊन, रात्री उशिरापर्यंत तापलेला स्लॅब, आणि पॅनेलची सगळी वीज एसीच्या पोटात! जाड पडदे लावले, पण काचेतून एकदा आत आलेली उष्णता पडद्याने फारशी परत जात नाही. पश्चिमेचं ऊन तिरपं, त्यामुळे नुसता छज्जाही पुरला नाही. बाहेरून उभ्या झडपा बसवल्या आणि गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला, तेव्हा फरक पडला.

पंख्यांचंही तसंच: साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३०च्या आसपास. हे सगळं आधी केलं असतं तर कितीतरी कमी पॅनेल पुरले असते.