वजन उचलून उंची खुंटत नाही, खुंटते ती दुसऱ्याच गोष्टींनी

दहावीच्या सुट्टीत पोरं जिमला जायला लागली की सोलापुरात घरोघरच्या मोबाईलवर एक मेसेज येतोच: 'अठराच्या आत वजन उचललं तर हाडं दबतात, उंची थांबते. वेटलिफ्टर बुटके का असतात, बघा!'

हाडं दबत नाहीत. लांब हाडांच्या टोकांशी ग्रोथ प्लेट म्हणजे कूर्चेची पातळ पट्टी असते, उंची तिथे वाढते. मुलींत साधारण 14 ते 16, मुलांत 16 ते 18 व्या वर्षी तिचं हाड होतं. ही वेळ संप्रेरकं ठरवतात, डंबेल नाही. उडी मारून उतरताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, तरी कबड्डी खेळणाऱ्या पोराच्या उंचीची काळजी कुणी करत नाही. देखरेखीखाली नीट केलेल्या वजनाच्या व्यायामाने वाढ खुंटत नाही, असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2020 मध्ये सांगितलं आहे.

वेटलिफ्टरचं म्हणाल, तर हातपाय आखूड असले की बार, म्हणजे वजनं लावलेला लोखंडी दांडा, कमी अंतर उचलावा लागतो. म्हणून तशा बांध्याची माणसं या खेळात टिकतात. बास्केटबॉलवालेही वजन मारतात, त्यांचं काय?

खरा धोका ग्रोथ प्लेट मोडण्याचा आहे, आणि तो चुकीच्या पद्धतीतून येतो: मागे धरायला कुणी नसताना बेंच प्रेस (आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं), पाठ गोल करून डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), मित्राशी पैज लावून 'मॅक्स', म्हणजे एकदाच उचलता येईल एवढं जास्तीत जास्त वजन. 13-14 वर्षांच्या मुलाला आधी जोर, बैठका आणि उचलायची पद्धत शिकायला लाकडी काठी द्या. मोठा बार रिकामाच 20 किलोचा असतो, तो पहिल्या दिवशी नको. 5-10 मिनिटं वॉर्मअप, मग आठवड्यातून 2-3 दिवस, मध्ये एक दिवस सोडून, सलग 10-15 वेळा जमेल एवढंच वजन, अशा 1-2 फेऱ्या (सेट). पंधरावी उचल पहिलीसारखीच सरळ झाली, तरच 5 ते 10 टक्के वाढवा. पाठ गोल झाली की सेट तिथेच थांबवा. मनगट किंवा गुडघा दुसऱ्या दिवशीही दुखला तर डॉक्टरला दाखवा.

उंची खरंच खुंटवणारी एक गोष्ट मात्र काही जिममध्ये मिळते: स्नायू फुगवायचं स्टेरॉईडचं इंजेक्शन. त्याने ग्रोथ प्लेट वेळेआधी बंद होऊ शकते, आणि मग ती उघडत नाही. वजनाला घाबरणाऱ्या आईबापांनी पोराच्या बॅगेत अशी औषधाची बाटली नाही ना, हे आधी बघावं. पोटभर जेवणही तितकंच महत्त्वाचं: भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर डाळ, दूध, अंडी हवीतच.

तरीही शंका असेल तर जिम बंद करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना भेटा. डाव्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे पाहून हाडांचं वय आणि वाढ किती उरली आहे, याचा अंदाज ते देतात.