'दुष्काळ' शोधला, शून्य रिझल्ट!

काल रात्री अकराला माझ्या संशोधनाच्या गाईडचा मेसेज. रोजगार हमीवरचा तो लेख कुठला होता गं, सकाळपर्यंत पान नंबरासकट संदर्भ पाठव. लेख माझ्याकडेच आहे, वाचलाय, खुणासुद्धा केल्यात. फोल्डर उघडला, सर्चमध्ये 'दुष्काळ' टाकलं. शून्य. 'रोजगार हमी' टाकलं. शून्य. चारशे पीडीएफ आहेत त्या फोल्डरात, अर्ध्याअधिक ७२ च्या दुष्काळावरच्या, आणि एकातही दुष्काळ नाही??

मग बसले एकेक उघडत. दीड तासाने लेख सापडला आणि मथळ्यातच ठसठशीत 'दुष्काळ', समोर, ढळढळीत! कॉपी करून नोटपॅडात टाकलं तर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा, 'क'च्या जागी एच आणि पुढे डॉलरचं चिन्ह. तोच तो जुना डीटीपीचा, म्हणजे छपाईची पानं लावायचा, फॉन्ट. अहो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं कम्प्युटरला ओळखता येतात त्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, आणि हा अंक २०१९ चा! आपल्याला वाचता येतंय पण कम्प्युटरच्या लेखी तिथे एक अक्षर मराठी नाही, मग तो शोधणार काय, कपाळ? लेखकाने महिनोन्महिने गावोगाव फिरून मुलाखती घेतल्या आणि संपादकहो, तुम्ही ते काम अशा जागी पुरलंत की कुणाच्या हाती लागू नये. संताप येतो खरंच.

आणि नावं! फाईलला लेखाचं नाव द्यायला काय पैसे पडतात? 'न्यू डॉक्युमेंट १', 'फायनल', 'फायनल करेक्टेड', 'स्कॅन ००४७'. झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकावं तर डीओआय (लेखाचा ओळख क्रमांक, ज्यावरून माहिती आपोआप भरते) नाही, म्हणजे शीर्षक, अंक, वर्ष सगळं हाताने भरा, आणि लेखकाच्या नावाला 'प्रा. डॉ.' चिकटलेलं, तसंच उचललं की निम्मे लेखक 'प'खाली जाऊन बसतात. चर्चासत्राचा आख्खा ग्रंथ एकाच पीडीएफमध्ये, सहाशे पानं, अनुक्रमणिकेत पान नंबर नाहीत, आणि आकार एवढा की झोटेरोची फुकटची ३०० एमबी जागा दोन ग्रंथांत खलास. व्हॉट्सअ‍ॅपवर येतात ते तर मोबाईलने काढलेले फोटो, कडेला अंगठा, आणि नेमकी तळटीप अंगठ्याखाली.

मी आता प्रत्येक फाईलला आडनाव, वर्ष, विषय असं नाव युनिकोडमध्ये देते आणि दोन ओळींची नोंद लिहिते, जे संपादकांनी करायचं ते मी रात्री जागून करते. चारशेपैकी साठ झाल्यात.

आणि कालचा तो लेख? सापडला खरा, पण लेखकाने डीटीपीवाल्याकडून फक्त आपला लेख वेगळा काढून घेतलाय, खाली पान नंबर १ ते ८. अंकातली खरी पानं कुठली, ते आठ पानांत कुठेही नाही. गाईडला पाठवू काय?