तुम्हाला कोण नेणार?

काल रात्री मी दिवा चालू ठेवून झोपलो. वय विचारू नका.

सगळा दोष ‘फायर इन द स्काय’चा. नोव्हेंबर 1975मध्ये अ‍ॅरिझोनाच्या जंगलात ट्रॅव्हिस वॉल्टन नावाचा लाकूडतोड्या पाच दिवस गायब झाला. परतल्यावर म्हणाला, मला परग्रहवासीयांनी यानात नेलं होतं. त्यावरचा हा 1993चा सिनेमा. त्यात परग्रहवासी त्याला टेबलावर टाकतात, अंगावर चिकट पापुद्रा ताणतात आणि एक सुई सावकाश डोळ्याकडे येते. मी तोंडावर उशी घेतली. मामेसासरे शेजारीच. “जावईबापू, उशी काढा. खरं घडलेलं आहे, बघायला नको?”

सकाळी वाचलं, तर वॉल्टनच्या सांगण्यात ना सुई, ना पापुद्रा. मोठ्या डोळ्यांचे तीन बुटके, मग माणसासारखेच दिसणारे काहीजण, तोंडावर मास्क, आणि जाग आली ती रस्त्याच्या कडेला. म्हणजे मी रात्रभर घाबरलो ते पटकथेला!

“मामा, ती सुई खोटी आहे.”

“तुम्ही होतात तिथे?”

“नव्हतो. पण जो होता, तोही सुई म्हणत नाही.”

“शुद्ध हरपली असेल बिचाऱ्याची.”

“मग सिनेमावाल्यांना कशी कळली?”

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “चौकशी केली असेल.”

“कोणाकडे?”

त्यांनी बोट वर केलं. वर पंखा होता.

मग मला आपादमस्तक न्याहाळून मायेनं म्हणाले, “तुम्ही नका घाबरू हो. ते माणूस पारखून नेतात. तुम्हाला नेऊन काय करणार?”

बायको हसली. जरा जास्तच हसली.

का हो? 1961मध्ये न्यू हॅम्पशरमध्ये आपल्याला बायकोसकट नेलं असं सांगणारा बार्नी हिल पोस्टात नोकरीला होता. पोस्टातला चालतो, लाकूडतोड्या चालतो, मीच तेवढा नापास? (हिल दांपत्यावरची टीव्ही फिल्म ऑक्टोबर 1975मध्ये लागली आणि सोळा दिवसांत वॉल्टन गायब. मी काही म्हणत नाही.)

थापा मारा ना, सिनेमाच आहे. पण वर ‘सत्य’ असा शिक्का कशाला? 2009च्या ‘द फोर्थ काइंड’ या अशाच सिनेमात तर ‘खरं चित्रण’ म्हणून दाखवलंय तेही नटांकडून करून घेतलेलं. प्रसिद्धीसाठी अलास्कातल्या वर्तमानपत्रांच्या नावानं खोट्या बातम्या रचल्या. तिथल्या पत्रकारांनी हरकत घेतली, तेव्हा स्टुडिओनं पैसे भरून प्रकरण मिटवलं. पत्रकारांना निदान भरपाई मिळाली. दिवा लावून झोपणाऱ्यांनी कुठे जायचं?

मामांनी आज तोच लावायचा ठरवलाय. “यात खरं चित्रण आहे म्हणे.” मी जेवणाआधीच उशी सोफ्यावर आणून ठेवली होती. आता ती त्यांच्या पाठीमागे आहे.