कझानचा इतिहास आणि ‘कोणाचा माणूस?’

गेली काही वर्षे मी कझानमध्ये, म्हणजे रशियातील तातारस्तान या प्रजासत्ताकाच्या राजधानीत, राहतो. गावाकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर इतिहासाचा वाद पेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे लिहिणारा कोणाचा माणूस? येथल्या तातार या तुर्की भाषा बोलणाऱ्या, बहुसंख्य मुस्लिम समाजाच्या इतिहासलेखनाची हकिगत कळल्यापासून मला हा प्रश्न अपुरा वाटू लागला आहे. चुकीचा म्हणत नाही, अपुरा म्हणतो.

९ ऑगस्ट १९४४ रोजी सोव्हिएत संघातील कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने तातार प्रजासत्ताकातील पक्षसंघटनेच्या वैचारिक कामावर ताशेरे ओढणारा ठराव केला. गोल्डन होर्डचे, म्हणजे चंगीझखानाचा मुलगा जोची याच्या वंशजांनी व्होल्गाकाठी उभारलेल्या राज्याचे, उदात्तीकरण आणि ‘इदेगेय’ या वीरकाव्याचा प्रसार हे त्यात दोष ठरवले गेले. (‘होर्ड’ आणि आपल्याकडचा ‘उर्दू’ हे शब्द मूळचे एकच, मराठीत मात्र आपण सहज ‘टोळी’ म्हणून निकाल देऊन मोकळे होतो.) १९४६ मध्ये मॉस्कोत विद्वानांची परिषद भरली आणि कझानचे तातार हे होर्डचे नव्हे, तर मुख्यतः व्होल्गा बल्गारांचे, म्हणजे मंगोलांच्या आधीपासून व्होल्गाकाठी राहणाऱ्या लोकांचे, वंशज आहेत, या मताचे पारडे तेथे जड झाले.

गोम अशी की हे मत निराधार नव्हते. व्होल्गा बल्गारांनी ९२२ च्या सुमारास इस्लाम स्वीकारला, आणि एकोणिसाव्या शतकातील तातार विद्वान शिहाबुद्दीन मर्जानी यांनीही बल्गारांशी असलेले नाते आग्रहाने मांडले होते. फक्त तातार या नावाची लाज बाळगू नये, असेही ते बजावत. पक्षाने यातला अर्धा भाग उचलला. पुरातत्त्वज्ञ अ. प. स्मिर्नोव्ह यांनी १९३८ पासून बोल्गार या बल्गारांच्या जुन्या नगरात केलेले उत्खनन आजही मोलाचे आहे, ते त्या सरकारच्या काळात झाले म्हणून फेकून देता येत नाही. उलट इतिहासकार मिखाईल खुद्याकोव्ह हे जन्माने रशियन. त्यांनी १९२३ मध्ये कझानच्या खानतीचा, म्हणजे तेथील तातार खानांच्या राज्याचा, सहानुभूतीने इतिहास लिहिला आणि १९३६ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ‘कोणाचा माणूस’ या मापाने हे दोघेही नीट मोजता येत नाहीत.

मला सर्वांत भिडली ती लिपीची गोष्ट. तातार भाषा १९२० च्या दशकाअखेरीस अरबी लिपीतून लॅटिनमध्ये आणि १९३९ मध्ये सिरिलिकमध्ये गेली, त्यामुळे नातवंडांना आजोबांची पत्रे वाचता येईनात. १९६० च्या दशकात इतिहासकार मीरकासिम उस्मानोव्ह आणि कझान विद्यापीठातील त्यांचे सहकारी गावोगाव फिरून जुनी हस्तलिखिते गोळा करू लागले. राजवाडे दप्तरांसाठी असेच वणवण फिरले होते. पुढे १९७९ मध्ये उस्मानोव्ह यांनी होर्डच्या खानांच्या सनदांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदांचा रूक्ष अभ्यास म्हटल्यावर बंदिस्त काळातही पुष्कळ काही लिहिता येते.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर वारे फिरले. खुद्याकोव्ह पुन्हा छापले गेले, ‘इदेगेय’ पुन्हा वाचले जाऊ लागले, आणि आता काहींच्या लेखी प्रत्येक खान उदार राज्यकर्ता झाला आहे. कझानमध्ये रशियन युद्धकैद्यांना गुलाम म्हणून ठेवत, हे त्यांना ऐकवत नाही.

येथे राज्यसत्तेने जे केले, ते आपल्याकडे जमावही करू शकतो. जानेवारी २००४ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा शतकांची हस्तलिखिते जमिनीवर विखुरली होती. तरीही वाद आला की आम्ही लेखकाचे आडनाव शोधतो, त्याने कोणते कागद पाहिले हे क्वचितच विचारतो. आमच्याच आजोळी माळ्यावर मोडीतील कागदांचे दोन रुमाल बांधलेले आहेत. गटावरच्या चाळीस जणांपैकी ते वाचता येणारा एकही नाही, आणि त्यात मीही आलो.